पाणी सोडायला नाव हवं

पोस्टकार्ड सकाळी दहाला आलं आणि साडेदहाच्या आत गुरुदासने नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावून टाकल्या.

कट्टा गावाच्या बाजारात, एस्टी थांबते त्याच्या समोर, त्याचं शिवणकामाचं दुकान. माणूस चाळिशीचा, हात बसलेला. बाहीला चुकेल असा नव्हे. त्याने टाके उसवले. अर्धेच उसवले. उठला, माठातलं पाणी प्याला, बाहेर जाऊन एस्टीच्या वेळांची पाटी वाचून आला. ती त्याला तोंडपाठ होती. परत पाणी प्याला.

कार्ड वालावलहून होतं. ‘आमच्या मातोश्री सोमवारी पहाटे वारल्या. कळावे म्हणून लिहिले आहे. सत्यवान.’ संपलं.

सत्यवान त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वारली ती दोघांनाही जन्म देणारी. पण गुरुदास चार वर्षांचा असताना तिने त्याला नर्मदाबाईच्या ओटीत घातलं. नर्मदाबाई आणि भाई यांना मूल नव्हतं. रीतसर विधी झाला, गोत्र बदललं, आणि तरीत बसवून त्याला खाडी पार करून आणलं. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. भाई वारले, नर्मदाबाई अजून खणखणीत. वालावलचा विषय निघालाच तर ‘थंयची माणसा’ म्हणायची आणि लगेच उठून कशाला तरी झाडू मारायची. मोठेपणी गुरुदास तिथे दोनदाच गेला, लग्नाकार्याला. घरच्या सगळ्यांना पेल्यातून चहा आणि त्याला कपबशीतून. कपबशी सत्यवानाच्या आईनेच पुढे ठेवली होती. तेवढं त्याने पाहिलं होतं.

मृत्यूच्या पत्राचा कोपरा फाडतात, म्हणजे हातात पडताच कळतं की सुतक आलं. या कार्डाचे चारही कोपरे शाबूत. म्हणजे ही नुसती बातमी. तुला सुतक नाही, तू आंघोळही करू नकोस, तू आपला कोट शीव.

तो पुन्हा बाहेर आला.

“काय रे गुरू,” शेजारच्या दुकानातून लवू न्हावी ओरडला. “सकाळपासून कोंबयेसारखो आत-भायर करतंस! अंडा घालूक जागा गावणा नाय?”

गुरुदासने कार्ड त्याच्या हातात दिलं. लवूने गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणात तसाच ठेवला आणि ओठ हलवत वाचलं.

“कोपरो फाडूक नाय,” गुरुदास म्हणाला.

“नसात फाडलो. तुका तीन दिस. दत्तक गेलेल्याक जन्माच्या आवशीचा तीन दिस सुतक.”

“तुका कोणी सांगल्यान?”

“भटान. माजी मेली तेव्हा.” लवूने वस्तरा पुसला. “मी आचऱ्याचो. सहा म्हयन्यांचो आसताना दत्तक हाडलानी हयसर.”

वीस वर्षं एका भिंतीचे शेजारी. गुरुदास बघतच राहिला. “तू कधी बोललंस नाय!”

“तू तरी बोललंस? आपली सगळी जात गप रवणारी. घरच्यांका वायट दिसता म्हणान.” मग रस्त्यापलीकडे हाक घातली, “रुक्मिणी! गो रुक्मिणी! हयसर ये. ह्येची आवस गेली.”

फुलांची टोपली घेऊन बसणारी रुक्मिणी उठून आली. तिला आतेने वाढवलं होतं, हेही गुरुदासला तेव्हाच कळलं.

“माजी गेली तेव्हा मी चुलीत वली लाकडा घातलंय,” ती म्हणाली. “दोन दिस. धूर झालो काय कोण इचारता, कित्याक रडतंस म्हणान? पण तू शिंपी. तुका धूर खंयसून गावतलो?”

गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण सुकत चालला होता, पण गिऱ्हाईकही कान देऊन ऐकत होतं.

लवू म्हणाला, “चल. तुमच्या घरामागच्या व्हाळार जावया. बुडी मार आणि तीळपाणी सोड. आमी आसव.”

गुरुदास तयार झाला. चप्पल पायात घातली आणि थांबला.

“नाव काय?”

“कोणाचा?”

“तिचा.”

पाणी सोडायचं तर मेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. गुरुदासला ते ठाऊकच नव्हतं. चार वर्षांच्या पोराला आईचं नाव आईच. पुढे ऐकलं तेही ‘सत्यवानाची आई’. कार्डात मातोश्री. आता सत्यवानाला उलट टपाली विचारायचं काय, की आपल्या आईचं नाव कळवावे? ते ठाऊक असणारं कट्ट्यात एकच माणूस होतं, आणि विचारायचं ते नेमकं नर्मदाबाईलाच.

ती घरासमोरच्या खळ्यात कुळीथ पाखडत होती. लवू आणि रुक्मिणी बेड्याशीच, कुंपणाच्या फाटकाशी, थांबली. गुरुदास खळ्यात आला, तुळशीपाशी गेला, परत आला, परत गेला.

“पुरे झाली प्रदक्षिणा,” नर्मदाबाई म्हणाली. “काय तां बोल.”

“वालावलची... गेली. सोमवारी.”

सूप थांबलं.

“जातलंस थंय?”

“दिवसांक जाईन.”

“आणि मगे?”

“मगे काय? मगे येयन. कोट अर्धो पडलो हा.”

नर्मदाबाईने बेड्याकडे पाहिलं. “आणि ह्ये पंच कित्याक हाडलंस?”

“पंच न्हय गो काकी,” रुक्मिणी तिथूनच म्हणाली. “आमी ह्येच्यासारकीच.”

गुरुदासने घाईघाईने बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा फिरायला लागला असता. “आये, माका तिचा नाव व्हया. पाणी सोडूक.”

नर्मदाबाईने सुपातला एक खडा उचलला, फेकला. दुसरा शोधला. दुसरा नव्हता.

“मी आसताना,” ती म्हणाली.

“तू आसतानाच. तुज्या मागसून माका कोण सांगतला?”

तिने कुळथातून नुसतीच बोटं फिरवली. मग म्हणाली, “सुगंधा.” आणि सूप बाजूला ठेवून घरात गेली. गुरुदासला वाटलं, झालं, दार लागलं. पण ती मूठभर तीळ घेऊन बाहेर आली आणि ते त्याच्या हातात न देता रुक्मिणीच्या हातात दिले.

व्हाळाला गुडघाभर पाणी होतं. गुरुदासने कपड्यांसकट बुडी मारली. लवूने दर्भ कुठूनसा आणला होता, कसा धरायचा ते दाखवलं. रुक्मिणीने ओंजळीत तीळ घातले. तो दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच घ्यायचं होतं. शेवटी तो पुटपुटला, त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

“मोठ्यान सांग,” मागून आवाज आला. नर्मदाबाई काठावर उभी होती, पदर कमरेला खोचलेला. “तिका कमी आयकाक येय.”

गुरुदास वळला. दोनदा तो त्या घरी जाऊन आला होता आणि त्याला हे माहीत नव्हतं.

“तुका कसा ठावक?”

“आदी पाणी सोड,” नर्मदाबाई म्हणाली. “तीळ व्हावान चललेत.”