काटा ओरडला, संस्कृतीबाई आल्या हो!

संस्कृती अनसिंगला बसून तीन गावांचे वजनकाटे सांभाळायची. शेतकऱ्यांच्या कंपनीची खरेदी केंद्रं होती अनसिंगला, केनवडला आणि पोहरादेवीला. प्रत्येक केंद्रात एक काटा आणि काट्याला जोडलेला एक कॉम्प्युटर. कुठं काही अडलं की ती अनसिंगहूनच आपल्या लॅपटॉपवरून त्या कॉम्प्युटरमध्ये लॉगिन करायची, दोनचार आज्ञा टाइप करायची की काटा पुन्हा सुरू. वर्ष होत आलं होतं, पण केनवड आणि पोहरादेवीची केंद्रं तिनं अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती.

फक्त एक पंचाईत होती. लॉगिन केल्यावर उघडणारी खिडकी तिन्हीकडं सारखीच काळी. आपण कुठल्या गावात शिरलोय ते ध्यानात ठेवायचं ते आपणच. आणि ऐन सोयाबीनच्या गर्दीत तिच्या ध्यानातून ते निसटलं. बंद करून चालू करायचा होता पोहरादेवीचा कॉम्प्युटर, तिनं केला केनवडचा. लगेच फोन आला.

"मॅडम, काटा गेला! ट्रॅक्टर वर उभा हाय अन् आकडाच गायब!"

हा केनवडचा देवानंद. आवाज असा भारदस्त, की पहिल्या दिवसापासून ती त्याला काकाच म्हणायची.

"माफ करा देवानंदकाका, चुकून तुमचाच बंद केला मी."

"जाऊ द्या. पन लोकं मले शिव्या देऊन राह्यले, त्यातल्या अर्ध्या तुमच्या हायेत, येवढं सांगून ठेवतो."

फोन ठेवल्यावर संस्कृतीनं ठरवलं, आता याचा बंदोबस्त करायचाच. कोणीही लॉगिन केलं की कॉम्प्युटर आधी एक छोटी फाइल वाचतो आणि तिच्यात लिहिलेलं निमूट करतो. तिला लॉगिन स्क्रिप्ट म्हणतात. संस्कृतीनं तिन्ही गावांसाठी मिळून एकच स्क्रिप्ट लिहिली. आधी स्वतःचं नाव बघ. केनवड असशील तर अक्षरं हिरवी कर, पोहरादेवी असशील तर पिवळी, अनसिंग असशील तर लाल. तीच फाइल तिन्हीकडं पाठवली, लॉगिन करून पाहिलं, आणि केनवड खरंच हिरवंगार उगवलं. ती खुर्चीसकट गरकन फिरली.

एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण तिला चढली होती. नुसता रंग कशाला, चार शब्दांचं स्वागतही असू दे, म्हणून तेही स्क्रिप्टमध्ये लिहिलं. मग वाटलं, शब्द तरी वाचायचे कशाला, कानावरच पडू देत ना! मोबाईल तोंडाशी धरून तिनं दवंडीच्या सुरात आवाज भरला: "ऐका हो ऐका! संस्कृतीबाई केनवडात आल्या हो! उठा, चहा ठेवा!" स्वतःचाच आवाज ऐकून तिला इतकं हसू फुटलं, की रेकॉर्डिंगच्या शेवटी "फुर्र" असा एक आवाज शिल्लक राहिला. तो तिनं काढलाही नाही. रेकॉर्डिंग केनवडच्या कॉम्प्युटरवर टाकलं, ते वाजवायची ओळ स्क्रिप्टमध्ये घातली आणि लॉगिन केलं.

अक्षरं हिरवी झाली. आवाज काही आला नाही.

तिनं लॅपटॉपचा आवाज वाढवला. पुन्हा लॉगिन. शुकशुकाट. मग स्क्रिप्टमध्येच आवाज पार शेवटच्या टोकाला नेला. पुन्हा लॉगिन. काही नाही. हेडफोन लावला, काढला, फुंकर मारून पाहिली. चिडून लागोपाठ लॉगिन करत सुटली.

फोन वाजला.

"मॅडम," देवानंद जपून बोलत होता, "तुमी किती डाव येऊन राह्यल्या?"

"कुठं येऊन राह्यली?"

"इथं. भोंगा मघापासून बोंबलून राह्यला, संस्कृतीबाई आल्या म्हून. दोनदा तर मी सोताच फाटकापर्यंत धावत जाऊन आलो."

संस्कृतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्क्रिप्ट जिथं लॉगिन केलं तिथं चालते, आपल्या टेबलावर नाही! आणि केनवडच्या कॉम्प्युटरला वजनाचे आकडे मोठ्यानं सांगणारा भोंगा जोडलेला होता, शेवटच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जाईल असा. तिनं कपाळावर हात मारला. मग हसायला लागली ती थांबेचना. पलीकडं देवानंदही हसायला लागला, आणि त्याच्यामागं अख्खं केंद्र हसत असल्याचा गलका ऐकू आला. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या हातातून फोन हिसकून घेतला.

"पोरी, मी सोजरबाई. माप द्याले आली होती. चहा उकळून उकळून काळा झाला, तुया पत्ता नाई. भोंगा सांगते आली, अन् बाई दिसत नाई. तू भूत हायेस का मानूस?"

"माणूसच आहे हो मावशी."

"मंग येऊन दाखव! पोत्यावर बसलो हाओत आमी. तुले पायल्याशिवाय उठत नाई."

संस्कृतीनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटी काढली. वाशीम मागं टाकलं, केनवडचा रस्ता धरला. वाटेत मधूनच आठवण यायची आणि ती हेल्मेटच्या आत एकटीच खिदळायची. शेजारून जाणारा एक मोटारसायकलवाला दचकून दूर सरकला.

केंद्राच्या फाटकातून स्कूटी आत घातली, आणि नेमका त्याच क्षणी भोंगा कडाडला, "ऐका हो ऐका! संस्कृतीबाई केनवडात आल्या हो!"

सोयाबीनच्या पोत्यांवर बसलेली माणसं ताडकन उठली. कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्या पिटल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी हवेत उडवली, ती काट्यावर जाऊन पडली. संस्कृती मात्र चक्रावली. लॅपटॉप तर पिशवीत आहे. मग हे लॉगिन कोणी केलं?

"देवानंदकाका कुठं आहेत?" तिनं समोरच्या उंच पोराला विचारलं. तिच्याच वयाचा असेल तो, हातात चहाची किटली.

"मीच," तो त्याच भारदस्त आवाजात म्हणाला.

सगळे पुन्हा हसत सुटले. सोजरबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "वर्सभर काका म्हनून घेतलं यानं, अन् काई बोलला बी नाई!"

"मान कोन सोडते मावशी?" देवानंद लाजून म्हणाला.

संस्कृतीचे कान तापले होते. ते लपवायला ती सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली आणि काय झालंय ते शोधू लागली. लवकरच सापडलं. दिवसभराची वजनं गोळा करायला अनसिंगचा कॉम्प्युटर दर तासाला आपणहून केनवडमध्ये लॉगिन करायचा. भोंग्याची दवंडी त्याच्याच येण्यानं झाली होती. वर स्क्रिप्टमधलं ते चार शब्दांचं स्वागत त्याच्या पुढ्यात पडल्यामुळं तो गोंधळला होता आणि वजनं न घेताच परत गेला होता.

"म्हंजे मशिनीनं मशिनीले चहा इचारला, अन् पाव्हनी घाबरून पयाली," सोजरबाईनं निकाल दिला.

"अगदी तसंच झालं मावशी."

"मंग सांग त्याले, मानूस आलं तर बोल. मशीन आली तर चुप राय."

संस्कृतीनं हेच स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहिलं. समोर माणूस टाइप करत नसेल तर पुढचं काही करू नकोस. मग अनसिंगच्या कॉम्प्युटरला पुन्हा वजनं न्यायला लावलं. भोंगा गप्प राहिला, आकडे बिनबोभाट अनसिंगला पोचले. सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता, तो सोडला.

आता ती दवंडीची ओळ पुसायला निघाली, तर गलका उठला. नाही म्हणजे नाही! केनवडचा काटा बोलतो, ही बातमी गावभर झाली होती. आणि गावापुरती तरी कुठली? फोन वाजला. पोहरादेवीची रामीबाई, तिकडचं केंद्र चालवणारी.

"मॅडम, केनवडचा काटा पाव्हन्याइले चहा इचारते म्हने. आमाले नुसता पिवळा रंग? आमचा काहून मुका ठेवला?"

"तुमचाही बोलवते रामीबाई. तुम्हीच आवाज भरून पाठवा."

"आमच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत भरीन, सांगून ठेवते!"

मिनिटाभरात रेकॉर्डिंग आलं. रामीबाईचा ठसका, मागं बायांचा हशा आणि कोणाची तरी बकरी. संस्कृतीनं ते पोहरादेवीच्या कॉम्प्युटरवर पाठवलं आणि केनवडच्या खुर्चीत बसून तिकडं लॉगिन केलं. अक्षरं पिवळीधमक झाली. देवानंदनं रामीबाईशी जोडलेला फोन स्पीकरवर टाकून उंच धरला. पोहरादेवीच्या भोंग्यातून रामीबाईचं बोलावणं गरजलं, तिकडच्या लोकांनी एकच ओरडा केला, आणि केनवडकरांनी इकडून त्याला उत्तर दिलं.

"ती काय म्हनली?" सोजरबाईनं विचारलं.

"जेवालेच या म्हन्ते," देवानंद म्हणाला. "चहावर नाई भागवलं तिनं."

"पाय बरं! आपल्याले हरवलं!" सोजरबाई पदर खोचून पुढं आली. "हट पोरी, तो मोबाईल आन इकडं. मी भरतो आता. जेवन, वरून झोपाले खाट!"

संस्कृतीनं मोबाईल तिच्या तोंडाशी धरला. तिचा स्वतःचा हात हसून हसून इतका हलत होता, की शेवटी देवानंदला तो खालून धरून ठेवावा लागला.