आठ पार्सलांचा केक

लंबूला कॉलेजला जाऊन दोन महिने झाले, आणि तेवढ्या काळात त्याने घरी स्वतःहून तीन फोन केले. तेही पार्सल पोचलं त्याच दिवशी. पहिलं पार्सल चार किलोचं होतं, दुसरं अडीच, आणि तिसऱ्यात नुसती ओटची बिस्किटं, जेमतेम पाऊण किलो. फोन मात्र प्रत्येक वेळी सारखाच: सहा-सात मिनिटं आणि त्यात दोनदा "मस्त होतं गं."

त्याची आई शाळांचे गणवेश शिवायची. इतरांच्या कापडात एक शर्ट बसला तर हिच्या कापडात शर्ट आणि वर दोन खिसे. असल्या बाईला हा हिशेब कळायला कितीसा वेळ लागणार? तिने आपण होऊन फोन केला की "लेक्चर आहे, नंतर करतो," एवढंच ऐकू यायचं, आणि ते 'नंतर' काही उजाडायचं नाही.

"चार किलोलाही एक फोन आणि पाऊण किलोलाही एकच," मशीनवरचा पाय थांबवून ती म्हणाली. "मग मी चार किलो कशाला पाठवू?"

"म्हणजे पोराला उपाशी ठेवणार?" बाबांनी पेपरमागून विचारलं.

"उपाशी कशाला? हप्त्याहप्त्याने खाईल."

तिने अक्रोडाचा केक भाजला, गार केला, गळ्यातला टेप काढून त्याचा घेर मोजला आणि टाचण्या टोचून आठ भागांची आखणी केली.

"आई, टाचण्या मोजून काढ हं," लंबूची ताई म्हणाली. "नाहीतर फोन हॉस्पिटलमधून येईल."

दर सोमवारी आणि गुरुवारी एकेक तुकडा रवाना होऊ लागला. पार्सल नेणं बाबांकडे. दुसऱ्या खेपेला काउंटरवरच्या माणसाने डबी काट्यावर ठेवत विचारलं, "गुरुवारी काही पाठवायचं राहिलं होतं का, काका?"

"राहिलं नव्हतं," बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले, "राखलं होतं."

पहिला तुकडा पोचताच फोन वाजला. "आई, अगं एकच?"

"बाकीचा येतोय. प्रत्येक तुकडा मिळाला की कळव. टपालाचा काय भरवसा!"

दोन आठवड्यांत चार फोन झाले. दुसऱ्या तुकड्याला कळलं, की शेजारच्या खाटेवरचा मुलगा झोपेत पाढे म्हणतो. तिसऱ्याला रसायनशास्त्राच्या चाचणीत काय दिवे लावले ते बाहेर आलं. इतकी मोठी बातमी हाती लागल्यावर आईने चौथ्यात दोन अक्रोड जास्तीचे खोचले. गल्लीत ती जरा मान वर करून चालू लागली.

पाचवा तुकडा गुरुवारी गेला. शनिवारी फोन नाही. रविवारी नाही. सोमवारी आईने सहावा तुकडा रोखून धरला आणि एका शर्टाचा खिसा पाठीवर शिवला.

"अगं, कर की तूच," बाबा म्हणाले.

"मी नाही करणार. एकदा मी केला की तो कायमचा सुटला."

"आणि आजारी असला तर?" ताई म्हणाली.

आईने ताईकडे असं बघितलं, की ताई निमूटपणे बटणं निवडायला बसली. त्या संध्याकाळी आईने दोनदा फोन उचलला, पुसला आणि परत ठेवला.

मंगळवारी दुपारी पोस्टमन दारात उभा. लंबूच्या अक्षरातला पत्ता, पार्सल पिसासारखं हलकं. आईने कात्रीने दोरा कापला. आत एक पायमोजा. एकच, आणि न धुतलेला. सोबत चिठ्ठी: "आई, बाकीचे कपडे येतायत. प्रत्येक नग मिळाला की फोन करून कळव."

ताई हसून हसून खुर्चीवरून घसरली. बाबांनी नाक दाबलं. आईने मात्र मोजा उलटसुलट करून पाहिला, टाच विरली होती तिथे बोट घातलं आणि फोन लावला. तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"मेल्या, पाचवा तुकडा मिळाला का?"

"शनिवारीच. सहा जणांनी खाल्ला."

"मग फोन का नाही केलास?"

"म्हटलं, बघू तरी तुला करावासा वाटतो का. दर वेळी मीच करायचा होय?"

आईने त्याला आधी यथेच्छ झापलं, नंतर तब्येतीचं विचारलं, मग जेवणाचं, मग रसायनशास्त्राचं. चाळीस मिनिटं झाली तरी मशीनवर अर्धी बाही तशीच लोंबत होती.

"बरं, तुझी ती निळी पँट कधी पाठवतोस?" शेवटी तिने विचारलं. "गुडघ्याला ठिगळ लावून देते."

"पँटला दोन पाय आहेत, आई. दोन पार्सलं होतील."

"खबरदार कात्री लावलीस तर!" आई ओरडली, आणि तो खरंच लावेल या भीतीने तिने फोन आणखी अर्धा तास ठेवला नाही.