नवरीच्या गाडीचा ड्रायव्हर

कल्याणजवळच्या मोहने गावच्या भोईरांकडे एक रीत होती. घरातली लेक सासरी निघाली की नवरीची गाडी पंढरीनेच चालवायची. पंढरी भोईर एसटीत ड्रायव्हर, उभं आयुष्य कल्याण डेपोतून गाड्या काढण्यात गेलेलं. त्याच्या बहिणी, चुलत बहिणी, पुतण्या, सगळ्या त्याच्या मागच्या सीटवर बसून रडत रडत सासरी गेल्या. "रडा पोटभर," तो म्हणायचा, "पन गचका बसला म्हून नका रडू."

रिटायर झाला आणि वर्षभरातच त्याला लकव्याचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय सावरला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, डावा हात तेवढा रुसून बसला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या फिजिओथेरपिस्ट आसावरी मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्याने तिसऱ्या दिवशी खिडकीतून कुत्र्याला मारला. उजव्या हाताने, अर्थात. माणूस पहिल्यापासून तापट, त्यात आजाराने फोडणी घातलेली.

त्याची मुलगी निशा ठाण्यात कॉम्प्युटरवर काम करायची आणि उरलेला वेळही कॉम्प्युटरवरच घालवायची. तिला नाद होता रेसिंगच्या गेमचा, त्यातही टाइम ट्रायलचा. ट्रॅकवर दुसरी गाडी नाही, धक्काबुक्की नाही, फक्त आपण आणि घड्याळ. कालच्यापेक्षा आज कमी वेळात फेरी मारायची, एवढाच खेळ. त्यासाठी तिने पगारातून स्टिअरिंग आणि पेडल घेतले होते. तेव्हा बापाने टिंगल करायची काही बाकी ठेवली नव्हती. त्याच बापाला तिने एके दिवशी त्या स्टिअरिंगसमोर बसवलं.

सगळे नवशिके करतात तेच पंढरीने केलं. वळणावर वेगाने घुसला आणि ट्रॅकबाहेर मातीत जाऊन बसला.

"बाबा, आधी ब्रेक मार, मग वळव. वळणात हळू शिरलास की बाहेर लवकर पडतोस."

"मना शिकवतेस? माळशेज घाट मी झोपेत उतरलेलो."

"मग आता जागेपणी उतर ना."

तो उतरला. रोज बसायला लागला. कुठे ब्रेक सोडायचा, कुठे रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायची, हे त्याला मुलीपेक्षा लवकर कळायचं. फेरीची वेळ खरोखरच कमी होत गेली आणि हातही थोडा हलायला लागला. निशाची आई कलावती म्हणाली, "देवच पावला." देवाचं कशाला, निशाला वाटलं, मीच पावले. अंगावर मूठभर मांस चढलं तिच्या.

मग पावसाळ्यात वेळ एका जागी अडकली. कितीही फेऱ्या मारा, कमीच होईना. त्या ट्रॅकला शेवटी डावीकडचं एक लांबलचक वळण होतं, तिथे डाव्या हाताची पकड सुटायची आणि गाडी बाहेर जायची. पंढरीने आधी शिव्या दिल्या. मग शिव्या बंद केल्या, ते जास्त वाईट होतं. जेवण कमी झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

एका सकाळी तो अंघोळीला गेला असताना निशाने गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन मदत चालू केली. नवशिक्यांसाठी असते ती: गाडी वळणावर आपोआप ब्रेक मारते, स्टिअरिंग थोडं स्वतःच सांभाळते. थोडीशीच लावली. लहानपणी सायकल शिकवताना बापाने मागून सीट धरली होती, तसंच हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी पंढरीने वळण पार केलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की कलावती पोळपाट टाकून धावत आली. संध्याकाळी तो दोन वाट्या भात जेवला.

मग काय, चटक लागली. बापाला वेळेची आणि लेकीला बापाच्या जेवणाची. वेळ अडकली की निशा मदत आणखी थोडी वाढवायची. शेवटी शेवटी गाडी जवळजवळ स्वतःच चालत होती आणि पंढरी नातेवाइकांना फोन करकरून वेळ सांगत होता. प्रत्येक फोनला निशाला वाटायचं, खरं सांगून टाकावं. आता सांगू, उद्या सांगू, असं करत ती गप्प बसायची.

आणि एका गुरुवारी पंढरीचा धाकटा भाऊ पोपट पेढे घेऊन आला. त्याच्या ऐश्वर्याचं लग्न रविवारवर आलं होतं.

"दादा, पोरीला तूच नेशील ना रे?"

"म्हंजे काय! गारी तुझी ऑटोमॅटिक, डाव्या पायाला कामच नाय. हात तर झालाय बरा. इचार निशाला."

पोपटचे डोळे भरून आले. निशा म्हणाली, "बाबा, आधी आसावरी मॅडमना विचारूया ना."

"मॅडमनी माझी वेळ बगितलीय का? तू बगितलीस. रोज बगतेस."

पोपट तिच्याकडे बघत राहिला. तिने मान डोलावली. मान डोलावली आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. हायवेवर उलटसुलट ट्रक, मागे ऐश्वर्या शालूत बसलेली, आणि पुढे हा हात.

रात्रभर विचार करून तिने शोधली ती पळवाट. मदत बंद करायची. बाबा स्वतःच बघेल, स्वतःच नको म्हणेल, आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. शुक्रवारी सकाळी पंढरी चहा पीत होता तेव्हा तिने सगळ्या मदती बंद केल्या आणि बाजूला मोबाइल बघत असल्यासारखी बसली.

पहिल्याच वळणावर गाडी मातीत गेली. पंढरी हसला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा माती. तिसऱ्यांदा गाडी भिंतीवर आदळली आणि डावा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला. तो त्या हाताकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं त्याच्या.

"निशा," तो अगदी हळू म्हणाला, "बग गो बाय, माजं तोंड वाकडं झालंय काय?"

तिला क्षणभर काही समजलंच नाही. त्याने दवाखान्यात शिकवल्यासारखे दोन्ही हात समोर धरले. डावा खाली यायला लागला.

"परत झटका आला वाटतं. आयला हाक मार. रिक्षा बोलव."

आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ती एक श्वासभर गप्प राहिली. आज तब्येत जरा बरी नाही, एवढं म्हणून भागलं असतं. पण तो बोटांनी स्वतःचे ओठ चाचपून बघत होता.

"झटका नाहीये, बाबा. मी मदत बंद केली."

"कसली मदत?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, कधीपासून ते आणि किती ते. बोलता बोलता रडायला लागली. "माझं चुकलं, बाबा. तू जेवत नव्हतास."

पंढरीने छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला आणि चक्क हसला. "म्हंजे झटका नाय ना? जीव घेतलास माजा, पोरी!" त्याने डोळे पुसले. मग काहीतरी सुचल्यासारखा म्हणाला, "मंग ती मदत पोपटच्या गारीत पन असेल. नवीनच गारी हाय."

"नाही बाबा. तशी नसते."

तो थांबला.

"मंग माजा हात... पावसाल्यात व्हता तसाच हाय?"

निशाने मान डोलावली.

पंढरीने उजव्या हाताने डावा हात उचलून नीट मांडीवर ठेवला. तिला वाटत होतं, त्याने ओरडावं, एक ठेवून द्यावी. त्याने टेबलावरचा फोन घेतला आणि भावाला लावला.

"पोपट, रविवारला डायव्हर बग तू. नाय रं, तब्येत चांगली हाय. हात नाय झाला बरा." मग बरा झाला असं तुला सांगितलं कुणी, असं पलीकडून पोपट विचारत होता. निशा खाली मान घालून उभी होती. "कोनी नाय सांगितलं मना," पंढरी म्हणाला, "मीच येड्यासारखा सगल्यांना सांगत फिरलो."