बाकावरचा गोली

रविवारी मॅच असली की आमच्या पुढच्या खोलीत चौघं जमायचे. कारखान्याचे गणवेश शिवणारे टेलरभावजी, कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडरभावजी, ट्रकवरचे ड्रायव्हरभावजी आणि लेथवर जन्म काढलेले आमचे हे. तरुणपणी चौघंही कारखान्याच्या फुटबॉल संघात होते. हे गोलमध्ये उभे राहायचे, म्हणून यांना सगळे गोली म्हणत. निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही.

मॅच सुरू होण्याआधी प्रश्नांचा खेळ व्हायचा. प्रत्येकानं फुटबॉलचा एक प्रश्न विचारायचा. जो चुकेल त्यानं कपाटाशेजारच्या बाकावर बसायचं. तिथून टीव्हीची फक्त पाठ दिसते. त्यातून समालोचक फार बडबडतो म्हणून आवाज बंद ठेवायची यांची सवय. म्हणजे बाकावरच्या माणसाला ना चित्र, ना आवाज. दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून काय चाललंय ते ताडायचं.

हे बाकावर गेल्याचं मला आठवत नाही. एकदा यांनी विचारलं, "विश्वचषकाची ट्रॉफी इंग्लंडमध्ये चोरीला गेली होती, ती कोणी शोधली?"

"पोलिसांनी," कंपाउंडरभावजी म्हणाले.

"कुत्र्यानं. ऊठ, बाकावर."

"वहिनी, बघा. कुत्र्याला जमलं ते तुमच्या कंपाउंडरला जमलं नाही," ड्रायव्हरभावजी म्हणाले, आणि मी हसता हसता चहा सांडला. तसे दिवस होते ते. कप विसळतानाही मला पुढच्या खोलीतला गलका ऐकत राहावंसं वाटायचं.

मग यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग भाचीचं नाव, मग घराकडं वळायचा कोपरा. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. चौघांत त्याचा विषय कोणी काढला नाही.

एका रविवारी यांनी विचारलं, "पहिल्या विश्वचषकाच्या फायनलला चेंडू किती वापरले?"

"दोन," ड्रायव्हरभावजी लगेच म्हणाले. ते उत्तर त्यांना यांनीच शिकवलेलं. चेंडू कोणाचा घ्यायचा यावरून दोन्ही संघांचं जमेना, म्हणून अर्धा वेळ एकाचा आणि अर्धा वेळ दुसऱ्याचा.

"एक," हे म्हणाले. "चेंडू एकच असतो. जा बाकावर."

ड्रायव्हरभावजींनी तोंड उघडलं. टेलरभावजींनी त्यांचा गुडघा दाबला. ते उठले आणि मुकाट बाकावर जाऊन बसले.

त्यानंतर तसंच चालू झालं. हे म्हणतील ते बरोबर. टेलरभावजी कप ठेवायला आत आले तेव्हा मी म्हटलं, "भावजी, हे बरं नाही. यांना कळलं तर?"

"कळायला आठवावं लागतं ना, वहिनी," ते म्हणून गेले. म्हणाले आणि स्वतःच दचकले. कप ओट्यावर ठेवून बाहेर गेले. मी ते कप विसळायला घेतले.

एका सकाळी दाढी करताना हे मला म्हणाले, "हल्ली मी कधी चुकत कसा नाही गं?"

"तुमचं डोकं आहेच तसं," मी म्हटलं. आरशातून ते माझ्याकडे बघत राहिले. मी टॉवेल ठेवून निघून आले.

त्या रविवारी यांनी पहिला प्रश्न स्वतःकडे घेतला. "आपल्या कारखान्यानं कप जिंकला, त्या फायनलला शेवटची पेनल्टी कोणी अडवली?"

कारखान्याच्या वसाहतीत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चेंडू यांच्याच हाताला लागला होता आणि बोट मोडलं होतं. ते पुढे कधी नीट वाकलं नाही. अजूनही चहाचा कप धरला की ते बोट बाहेर राहतं.

"तूच सांग, गोली," कंपाउंडरभावजी म्हणाले.

"टेलरनं अडवली."

टेलरभावजी त्या मॅचला उजव्या बाजूला पळत होते. त्यांनी आयुष्यात चेंडू हातात धरला असेल तो थ्रो टाकायला.

"बरोबर," ड्रायव्हरभावजी म्हणाले.

"बरोबर आहे," कंपाउंडरभावजी म्हणाले. मोडलेल्या बोटाला पट्टी त्यांनीच बांधली होती.

आता सगळे टेलरभावजींकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "हो," ते म्हणाले, "अडवली खरी. नशीब म्हणायचं."

यांनी कप उचलला. ते बोट तसंच ताठ बाहेर आलं.

"मग हे कशात मोडलं, टेलर?"

कोणी मान वर केली नाही.

"मी विसरतो ते माझ्या हातात नाही," हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पण खरी उत्तरं देणाऱ्यांना मी बाकावर बसवत होतो. तुम्ही बसत होतात. माझी किती शोभा केलीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुलाही ठाऊक होतं?"

मी हातातल्या ट्रेकडे बघत उभी राहिले. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला 'हो' म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

हे उठले आणि बाकावर जाऊन बसले. टीव्हीवर माणसं धावत होती. ती कोणी पाहिली नाही. मॅच संपायच्या आधीच तिघं चपला घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. दारातच रेंगाळले, परक्या घरी आल्यासारखे.

"बसा की," हे म्हणाले. "प्रश्न माझा. पहिला विश्वचषक कोणी जिंकला?"

"उरुग्वे," ड्रायव्हरभावजी हळूच म्हणाले.

"अर्जेंटिना," हे म्हणाले, आणि टेलरभावजींकडे बघत थांबले.

टेलरभावजी म्हणाले, "चूक, गोली. उरुग्वेच."

हे मान हलवून उठले. गुडघ्यावर हात टेकत बाकापाशी गेले, बसले आणि मला चहाची खूण केली. मॅच सुरू झाली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "टेलर, चेंडू कोणाकडे?"

"त्यांच्याकडे."

"आणि आपले?"

"आपल्यावर एक गोल झालाय."

"खरं सांगतोस?"

"खरं," टेलरभावजी म्हणाले. त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. बाकाकडे बघायची हिंमत त्यांना अजून होत नव्हती. मी यांच्या हातात कप दिला, तेव्हा मलाही त्या बोटाकडे बघवलं नाही.