अर्धा तास बोटावर चाललेलं घड्याळ

मी एक जुनं, भिंतीवरचं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ आहे मित्रांनो. तबकडीवर एका रंगाच्या दुकानाची जाहिरात आहे. दुकान केव्हाच बंद पडलं, जाहिरात मात्र अजून चालू आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखीच शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून पुढे सरकत होती. सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर होते, म्हणजे जन्मतःच सगळी चुकीची होती. पुढे मला एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात टांगलं. ते माझे मानाचे दिवस. गाल धरून बसलेली माणसं माझ्याकडे टक लावून बघत. कधी सेकंद चुकला नाही, असं डॉक्टर स्वतः म्हणत. मग त्यांनी लाल आकड्यांचं घड्याळ घेतलं आणि मी कपाटावर गेलो. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या ताईंना माझी दया आली. त्यांनी मला पिशवीत घालून रेडिओ केंद्रात आणलं. वाटेत काच फुटली. तेव्हापासून माझे काटे उघडेच आहेत.

केंद्र म्हणजे कॉलेजच्या गच्चीवरची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत आणि जिथे गाद्या पुरल्या नाहीत तिथे अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत. दर रविवारी सहा ते साडेसहा इथून गावातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कार्यक्रम थेट जातो. ताई बोलतात. मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे भाऊ यंत्रं सांभाळतात. माझी टिकटिक ध्वनिमुद्रणात येते, म्हणून भाऊ माझा सेल काढून खिशात टाकतात आणि काम झालं की अंदाजाने वेळ लावून परत बसवतात. हा अंदाज नऊ वर्षांत एकदाही बरोबर आलेला नाही. "हे घड्याळ मागेच पडतं," असं मग सगळे म्हणतात. सेल नसताना मला सगळं दिसतं, ऐकू येतं. फक्त किती वाजले ते कळत नाही. तरी दोष माझाच.

गेल्या दोन रविवारी कार्यक्रम लांबला आणि साडेसहाच्या बातम्यांवर चढला. केंद्रप्रमुख सरांनी ताईंना बोलावून सांगितलं, "आता एक मिनिट जरी इकडचं तिकडे झालं, तर पुढच्या रविवारपासून त्या वेळात मधुमेहावर व्याख्यानं." ताई घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत, असं भाऊंकडून कळलं.

तो शनिवार-रविवार मी विसरणार नाही. शनिवारी सकाळी संगणक बंद पडला आणि दुरुस्तीला गेला. सगळी भिस्त भाऊंच्या छोट्या रेकॉर्डरवर आली. स्कूलबसच्या ड्रायव्हरकाकांनी माउथऑर्गन चारदा वाजवला, कारण तीनदा मधेच खालचा पाण्याचा पंप सुरू झाला. "पंपालाच बोलवा की कार्यक्रमाला," काका म्हणाले. "तो तालात तरी आहे," भाऊ म्हणाले. दोन बहिणींचं गाणं जिन्यात झालं, कारण आवाज तिथे घुमतो. चौथ्या पायरीवर धाकटीला शिंका आल्या आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

रविवारी दुपारी रेकॉर्डरचा सेल संपला. भाऊंनी माझा काढून त्याला घातला. "दोन मिनिटांत परत बसवतो," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. तेव्हा पाचला वीस कमी होती.

मित्रांनो, पुढची दोन मिनिटं फार मोठी होती.

खोलीत दुसरी वेळच नव्हती. मोबाइल आणि मनगटी घड्याळं दाराबाहेरच्या बादलीत ठेवायची, हा तर ताईंचाच नियम. ताई कागद लावता लावता वर बघायच्या, "पाचला वीस कमी. भरपूर वेळ आहे." मग चहा झाला. कुणाच्या गाण्याने सुरुवात करायची यावरून वाद झाला, तो मिटला आणि परत झाला. ताईंनी पुन्हा वर बघितलं. "अजून पाचला वीसच कमी? बघा भाऊ, नीट आखणी केली की काम कसं झटपट होतं!" भाऊंनीही मान डोलावली. माझ्या टिकटिकीची नऊ वर्षं तक्रार करणाऱ्यांना ती बंद झाल्याचं कळलं नाही.

शेवटी गाणारे पोस्टमनकाका आले. निवृत्त झालेले, सायकलवर गाणी रचलेले, रेडिओवर पहिल्यांदाच. सोबत त्यांची सून होती, ती दवाखान्यात नर्स. काकांच्या कपाळावर घाम होता.

"सूनबाई, छातीत धडधडतंय. मी घरी जातो."

"बाबा, बसा आधी. हात द्या."

तिने त्यांचं मनगट धरलं आणि नाडी मोजण्यासाठी माझ्या सेकंदकाट्याकडे बघितलं. बघत राहिली. काकांनी डोळे मिटले.

"काय गं, जास्त आहे का?"

"बाबा, तुमची चालू आहे," ती म्हणाली. "घड्याळाची बंद पडलीय."

ती बादलीकडे धावली आणि स्वतःचं घड्याळ घेऊन आली. सहाला तीन मिनिटं कमी होती.

ताई मटकन खाली बसल्या. भाऊंनी रेकॉर्डरकडे बघितलं, मग माझ्याकडे. सेल एकच, आणि गाणी रेकॉर्डरमध्ये. ताई म्हणाल्या, "मला भिंतीवर बघूनच बोलता येतं हो. मनगटाकडे बघायला गेले की वाक्य सुटतं." सुनेने स्टूल ओढलं, माझ्याखाली उभी राहिली आणि आपल्या घड्याळात बघून माझा मिनिटकाटा बोटाने फिरवत सहा वाजवले.

मग अर्धा तास मी माणसाच्या बोटावर चाललो. दर मिनिटाला ती मला एक घर पुढे ढकलायची. ताई वर बघायच्या आणि बोलायच्या. काका माइकसमोर आले, त्यांनी स्टुलावरच्या सुनेकडे बघितलं, आणि पत्ता चुकलेल्या पत्राचं गाणं कुठेही न अडखळता म्हटलं. सुनेचे पाय थरथरत होते, बोट नाही. काटा साडेसहाला टेकला, ताईंनी नमस्कार म्हटलं आणि बातम्या लागल्या.

बादलीतला भाऊंचा फोन वाजला. सर म्हणाले, "आज सेकंदाचा फरक नाही. घड्याळ बदललंत वाटतं?"

"नाही सर, तेच आहे," भाऊ म्हणाले. "फक्त चालवायला माणूस ठेवला."

सरांना कळलं नाही. "बरं, पुढच्या रविवारीही असंच करा," म्हणाले आणि फोन ठेवला. ताईंनी डोळे पुसले आणि डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं. गाद्यांमुळे ते पटण्यासारखं होतं.

सगळे खाली चहाला गेले. सेल रेकॉर्डरमध्येच राहिला. त्यामुळे इथे अजून साडेसहाच वाजलेत. माझी तक्रार नाही. या खोलीत आल्यापासून तो एक अर्धा तास मी अगदी बरोबर होतो.

एवढंच सांगतो मित्रांनो. कुणी मागे पडलं म्हणून नावं ठेवायच्या आधी, एकदा त्याच्या मागे हात घालून बघा. कदाचित त्याचा सेल तुमच्याच खिशात असेल.