खिळ्यावर न टांगलेला पट्टा

बार्ब्रो मावशीच्या गॅरेजच्या दाराशी एक भलामोठा खिळा होता, आणि त्या खिळ्याला जेवढा मान होता तेवढा गावातल्या चर्चलासुद्धा नव्हता. आत येणाऱ्याने आधी कमरेचा पट्टा काढून खिळ्यावर टांगायचा. मग अंगठ्या, मग घड्याळ. झिपचं जॅकेट असेल तर ते उलटं करून घालायचं. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या बिचाऱ्या माणसाला मावशीने एका हाताने पँट धरून आत यायला लावलं होतं!

कारण आत ‘म्हातारी’ उभी असायची. साठ वर्षांपूर्वीची लालभडक व्होल्वो, बटाट्यासारखी गोलमटोल, आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत तिच्या अंगावरून गेलेली पत्र्याची एक सुरेख उंच धार. तिला रंग दिला होता मावशीने स्वतः, तरुण असताना, याच गॅरेजात. तो रंग आता कुठेच मिळत नव्हता.

आणि या गॅरेजची किल्ली इल्वाकडे होती! इल्वाच्या आईला, म्हणजे मावशीच्या सख्ख्या बहिणीलाही ती कधी मिळाली नव्हती. इल्वाला पंधरा पूर्ण झाली, तिने स्वतःची एपा घेतली (एपा म्हणजे पोराटोरांसाठी मुद्दाम मंद केलेली गाडी, मागे लाल त्रिकोण लावलेली, गोगलगायीने हॉर्न वाजवून पुढे जावं अशी), आणि मावशीने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

“एपा इथे आणून धू, घास, चमकव. पण म्हातारीला पॉलिशचं मशीन लावायचं ते माझ्यासमोरच.”

“आणि चुकून नियम मोडला तर?”

“ओरडणार नाही,” मावशी म्हणाली. “नुसता हात पुढे करेन. तू त्यावर किल्ली ठेवायचीस. संपलं.”

मावशी ओरडली असती तर परवडलं असतं. तो पुढे केलेला हात मात्र इल्वाच्या स्वप्नातसुद्धा यायचा.

तर त्या शनिवारी मावशी तळ्यापलीकडे धुरावर शेकलेला मासा आणायला गेली होती. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची फेरी होती, तळ्याकाठी सगळं गाव बघायला उभं राहतं ती. इल्वाला फक्त एक बादली हवी होती. बादली म्हातारीच्या पलीकडे, भिंतीपाशी. इल्वा पोट आत घेऊन गाडी आणि भिंतीच्या मधून सरकली, आणि तिच्या नव्याकोऱ्या पट्ट्याचं, गरुडाच्या आकाराचं, ज्याचं वर्गात तिने एवढं कौतुक करून घेतलं होतं ते बक्कल म्हणालं,

खर्रर्र.

पट्टा कमरेवर होता. खिळा रिकामा होता.

उजव्या दारावर, धारेच्या अगदी खाली, मांजराने पंजा मारावा तसे तीन ओरखडे. तिने नखाने चाचपलं. नख अडकत नव्हतं, म्हणजे ओरखडे वरवरचे. म्हणजे घासून जातील! म्हणजे मावशी यायच्या आत...

तिला सगळं येत होतं. मावशीने एपावर शिकवलं होतं ना. आधी धुवायचं, मग चिकणमातीच्या गोळ्याने रुतलेली धूळ ओढून काढायची, नाहीतर तीच धूळ मशीनच्या पॅडखाली फिरून नवे ओरखडे पाडते. कडांना आणि धारांना टेप लावायची, कारण तिथे रंग कागदाहून पातळ असतो. मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. हळू मशीन, थेंबभर पॉलिश, सावकाश हात.

सावकाश! कुठल्याही क्षणी मावशीची गाडी वळणावर वाजली असती. इल्वाने दार कसंबसं धुऊन पुसलं. टेपचं रीळ समोरच्या फळीवर होतं. तिला ते दिसलं, आणि तिने मान फिरवली. हळू मशीनसुद्धा राहू दिलं. मावशीचं जुनं जड मशीन उचललं, जे गरागरा फिरतं आणि ज्याला मावशी ‘बैल’ म्हणायची.

बैलाने हुंकार दिला. इल्वाचे दंड थरथरले, दात थरथरले. पण ओरखडे? एक गेला. दुसरा गेला. तिसरा वर धारेपर्यंत गेला होता, तिथे तिने जरा जोर दिला, आणि तोही गेला! दार असं लखलखलं की त्यात तिला स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसलं. तिने खुशीत मशीन बंद करून उलटं धरलं.

पांढरं पॅड लाल झालं होतं. लालेलाल, कोंबडी कापल्यासारखं.

फोनवरच्या प्रत्येक व्हिडिओत तो दाढीवाला हेच सांगायचा: पॅडवर गाडीचा रंग दिसला की समजा, वरचा पारदर्शक थर संपला. गाडी गेली. एपा घासताना पॅड कधीच असं झालं नव्हतं, कधीच! तिने कापडाने दार पुसलं, तर कापडही लाल. पुन्हा पुसलं, पुन्हा लाल. जणू म्हातारी रक्त ओकत होती.

तिने टिंड्राला फोन लावला. टिंड्रा तिची जिवलग मैत्रीण. अक्कल थोडी, पण उत्तर नेहमी तयार.

“टिंड्रा, मी मेले. म्हातारीचं कातडं सोललं मी.”

“कुठल्या म्हातारीचं?! पोलीस आले का?”

“गाडी गं, गाडी! रंग सगळा पॅडवर आलाय!”

“हात्तिच्या. मग नेलपॉलिश लाव. तुझ्याकडे ते लाल आहे ना?”

एरवी इल्वा खो खो हसली असती. पण भीतीने माणसाची बुद्धी गुडघ्यात जाते. तिने खरोखर पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, गुडघे टेकून ब्रश दाराजवळ नेला...

“रंगवतेस की काय माझ्या बाईला?”

दारात मावशी. एका हातात माशाचं पुडकं, गालात ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी. इल्वाला गाडीचा आवाजच आला नव्हता.

इल्वाची बोबडी वळली. “मावशी... पट्टा... मी विसरले... ओरखडा... मग मशीन... आणि पॅड बघ, पॅड! थर गेला. सगळा थर गेला!”

मावशीने पॅड पाहिलं. मग बाटली पाहिली. मग ती हसायला लागली, इतकी की गोळी घशात जाता जाता वाचली.

“अगं येडे, म्हातारीवर पारदर्शक थर आहेच कुठे? तो तुमच्या आजकालच्या गाड्यांवर. हिच्यावर वरपासून खालपर्यंत नुसता रंगच आहे. घासलं की पॅड लाल होणारच. नाही झालं तर काळजी करायची!”

इल्वा जमिनीवर फतकल मारून बसली. वाचली! हसावं की रडावं कळेना.

मावशी हसतच दाराशी वाकली. तिचं बोट नेहमीच्या लाडाने धारेवरून सरकत गेलं. सरकत गेलं, आणि थांबलं.

हसू थांबलं.

इल्वाने मान उंचावून पाहिलं. धारेवर, मावशीच्या बोटाखाली, अंगठ्याच्या नखाएवढा एक डाग. लाल नाही. राखाडी. रंगाखालचं अस्तर.

“टेप?” मावशीने विचारलं. अगदी हळू.

“नाही लावली.”

“कुठलं मशीन?”

“बैल.”

माशाचं पुडकं फळीवर गेलं. मग मावशीने हात पुढे केला.

इल्वाने किल्ली त्यावर ठेवली. मावशी ओरडली नाही, आणि तेच भयंकर होतं.

“आता या डागाचं काय करायचं?” इल्वाने कसंबसं विचारलं.

“काही नाही. तो रंग आता मिळत नाही. उद्या फेरीत तू त्याच बाजूला बसायचंस. काच खाली. कोणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही.”

त्या रात्री इल्वाला झोप कसली लागते! सगळं गाव तिथे असणार. वर्ग, टिंड्रा, आणि मावशीचे ते टोपीवाले, दंडावर गोंदलेले मित्र, जे दुसऱ्याच्या गाडीतली माशीची विष्ठासुद्धा हुडकतात.

सकाळी पाचावर धारण बसलेली इल्वा म्हातारीत चढली. तळं निळंशार, ऊन लख्ख, आणि उन्हात तो डाग तर टॉर्चसारखा! तिने सहजच वाटेल अशा बेताने कोपर खिडकीतून बाहेर काढून बरोब्बर डागावर ठेवलं.

“कोपर आत,” मावशी समोर बघत म्हणाली.

पहिल्याच थांब्यावर लेन्नार्ट आला, मावशीचा सगळ्यात जुना मित्र, दाराएवढा रुंद. वाकला. नाक धारेला लागेपर्यंत वाकला.

“बार्ब्रो! अस्तर दिसतंय इथे! कुठल्या गाढवाने केलं हे?”

मावशी गोळी चघळत राहिली. लेन्नार्टच्या मागे आणखी दोन टोप्या वाकल्या. ‘आधीपासूनच होतं’ एवढंच म्हटलं की इल्वा सुटली असती. किती सोपं!

“मी,” ती म्हणाली. आवाज उंदरासारखा निघाला म्हणून तिने पुन्हा सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने, “मी केलं! पट्टा न काढता आत गेले, ओरखडा पाडला, मग तो लपवायला बैल चालवला. धारेवर. टेप न लावता.”

टोप्या सरळ झाल्या. लेन्नार्टने तिच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

“बैल? या काडीने बैल धरला?”

“धरला,” मावशी म्हणाली. “धरता येत नव्हता तरी.”

थांब्याथांब्यावर हेच झालं. दर वेळी इल्वाने तेच सांगितलं. टिंड्राने तर तिसऱ्यांदा ऐकायला सायकल हाणत पुढचा थांबा गाठला.

घरी परतल्यावर मावशीने गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. इल्वा बघत राहिली.

“मंगळवारी ये,” मावशी म्हणाली. “दार वाजव. टेप लावायला शिकायचंय तुला. नुसती टेप. महिनाभर.”

“आणि किल्ली?”

“कसली किल्ली?”

मंगळवारी इल्वा आली. गरुडाचा पट्टा तिने आधीच काढून बाहेर कुंपणावर टाकला, जॅकेट उलटं केलं, कानातलेसुद्धा उतरवले. मग एका हाताने घसरणारी पँट घट्ट धरून तिने दुसऱ्या हाताने दार वाजवलं.