पाचवा खण

"पाचव्या खणात हे काय आहे?" लेओंस बालांद्राने विचारलं.

"नॅपकिन," स्वयंपाकघरातून जिनेतचा आवाज आला.

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

"मुस्य देल्कूरांचा. बसा आता. सूप गार होतंय."

लेओंस बसला. सूप गार वगैरे काही होत नव्हतं, चांगलं वाफाळत होतं. पण ते न पिता तो फळीकडेच बघत राहिला.

शार्मोलमध्ये जिनेतची खानावळ एकच, आणि तिच्या दाराशेजारी भिंतीवर खणांची एक लाकडी फळी. रोजच्या माणसाचा कापडी नॅपकिन त्याच्या त्याच्या खणात. सोमवारी खानावळ बंद, तेव्हा सगळे धुतले जायचे. वाटसरूंना कागदी. या गावात आपलं म्हणवून घ्यायचे दोनच मार्ग होते. एक तर आजोबा इथल्या दफनभूमीत असायला हवेत, नाहीतर जिनेतच्या फळीवर आपला खण हवा. लेओंसचे आजोबा होते दफनभूमीत, चांगल्या कोपऱ्यात होते, तरीही त्याला कित्येक वर्षं कागदाला तोंड पुसावं लागलं होतं. मग एका मंगळवारी काही न बोलता तिने त्याचा नॅपकिन पहिल्या खणात ठेवला. लेओंस पंचायतीचा गडी; त्या दुपारी त्याने पंचायतीचं सगळं गवत कापलं आणि भरीला मेयरच्या सासूचंही.

पाचवा खण म्हाताऱ्या पोस्टमनचा. तो गेल्यापासून रिकामाच होता. जिनेत दुखवटा पाळते आहे अशी लेओंसची समजूत होती, आणि दुखवटा जन्मभर पाळायला त्याची काहीच हरकत नव्हती.

"फक्त गुरुवारी जेवणारा माणूस," तो शेवटी म्हणाला.

समोर बाप्तिस्त पावाने थाळी पुसत होता. द्राक्षमळे मुलाच्या हवाली केल्यापासून दुसऱ्यांच्या भानगडी हाच त्याचा पूर्णवेळ धंदा होता. "अरे, पण गुरुवारी काय जेवतो! दोनदा घेतो रस्सा. आणि दात बघितलेस का त्याचे? सगळे स्वतःचे!"

"दंतवैद्य होता तो. दुसऱ्यांचे उपटून स्वतःचे राखले."

"जळतोस तू."

"मी? त्या पिवळ्या पोपटावर?"

युबेर देल्कूर मूळचा उत्तरेतल्या लील शहराचा. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी सायकल घेऊन आला, द्राक्षमळ्यांतून जाणारा मोटारींना बंदी असलेला रस्ता बघायला. पुढच्या वर्षी पंधरा दिवस राहिला. या वर्षी त्याने शेजारच्या गावात एप्रिलपासून द्राक्षतोडीपर्यंत खोलीच घेतली. अंगाला चिकटलेला पिवळा सदरा आणि काळी चड्डी घालून तो यायचा. या वयात माणसाने आपल्या मांड्या डॉक्टरशिवाय कुणाला दाखवू नयेत असं लेओंसचं मत होतं. जिनेतला ते बहुधा पटत नसावं.

"काय शांतता आहे हो तुमच्याकडे!" देल्कूर दर गुरुवारी आल्या आल्या म्हणायचा. "कानात फक्त चाकांचा आवाज. बाकी चंडोल!"

ही शांतता काय चंडोलाने केली होती? जुनी रेल्वे बंद झाली, रूळ उखडले, वर डांबर पडलं. तेव्हापासून तो रस्ता लेओंसकडे होता. तो पहाटे झाडायचा, काटेरी वेली छाटायचा, नांगरामागून आलेली माती खरवडायचा. त्या रस्त्यावर इंजिनवालं एकच वाहन चालायचं, ती पंचायतीची हिरवी तीनचाकी, आणि ती चालवायचा लेओंस. सायकलवाले जागे व्हायच्या आत तो घरी परतलेला असायचा. शांतता करणारा माणूस शांततेत दिसता कामा नये, एवढं त्याला कळत होतं. पण कुणी विचारलंच नाही तर तेही खुपतंच की.

पाचव्या खणाचं दुःख त्याने आठवडाभर पोटात ठेवलं असतं. पण मंगळवार आला.

मे महिना होता. जुन्या स्टेशनाजवळच्या अकेशियाचा पांढरा फुलोरा सोमवारी दिवसभरात रस्ताभर सांडला होता. त्या पांढऱ्यावर आदल्या दिवशीच्या दोन सायकलींच्या रेघा होत्या. मागेपुढे नव्हे, शेजारीशेजारी. पुढे बाकाजवळ दोन्ही थांबलेल्या. बाकावर जर्दाळूच्या मुरंब्याचा थेंब, त्यावर मुंग्या. तसा मुरंबा खोऱ्यात एकच बाई करायची.

दर मे महिन्यात लेओंस जिनेतला म्हणायचा, "स्टेशनाजवळचा अकेशिया फुललाय. चला गाडीतून, दाखवतो." आणि दर मे महिन्यात ती म्हणायची, "नको हो, गुडघे धरलेत."

लेओंसने खराटा उचलला आणि त्या दोन रेघा झाडून टाकल्या. पांढरा फुलोराही गेला. रस्ता काळा झाला. मग त्याने बाकही पुसला.

गुरुवारी सकाळी त्याने पंचायतीच्या कोठीतून दोन पाट्या काढल्या. ‘रस्ता बंद’ आणि ‘पर्यायी मार्ग’. शार्मोलच्या कुठल्याही माणसाने ‘रस्ता बंद’ पाटी पाहिली की तो ती जरा बाजूला सरकवतो, पुढे जातो आणि मागे न बघता पुन्हा जागेवर ढकलतो. पण देल्कूर उत्तरेचा. तिकडची माणसं पाटी पाळतात. लेओंसने पाट्या स्टेशनाच्या फाट्यावर लावल्या आणि बाण टेकडीवरच्या चॅपेलकडे वळवला. पर्यायी मार्गाची पहिली पाटी असतेच, दुसरी कुठेच नसते, हा सरकारी रिवाज होता. तोही त्याने पाळला.

बाराचे टोले पडले. लेओंस आणि बाप्तिस्त आपापला नॅपकिन गळ्यात खोवून बसले. सूप आलं नाही.

"जिनेत," बाप्तिस्तने हाक मारली, "सूप काय विहिरीतून काढताय?"

"जरा थांबा."

लेओंसने घड्याळाकडे बघितलं. जिनेतने ‘थांबा’ म्हटलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. बाप्तिस्त स्वतःच्या लग्नाच्या दिवशी उशिरा आला तेव्हा त्याला सुपाऐवजी बाराचे टोले कशाला असतात यावर प्रवचन मिळालं होतं. जिनेतच्या नवऱ्याला पुरलं, त्या दिवशीही सूप बाराला टेबलावर होतं. खड्डा लेओंसनेच खणला होता. तो नखांतली माती काढत येऊन बसला, तेव्हा काळा पोशाख घातलेली जिनेत पळी घेऊन उभी होती.

आता ती दारात उभी होती, हातात फडकं, नजर रस्त्यावर.

"देल्कूर अजून आले नाहीत," ती म्हणाली.

"येईल की," बाप्तिस्त म्हणाला. "आणि नाही आला तर? आम्ही काय पाव चघळत बसायचं?"

"पाव बरा आहे आजचा."

बाप्तिस्तने लेओंसकडे बघितलं. लेओंस मिठाच्या डबीकडे बघत होता. पाट्या लावताना त्याने सगळा हिशेब केला होता. देल्कूर चुकेल, दमेल, उपाशी राहील, चिडेल, पुन्हा येणार नाही. सूप थांबेल हे मात्र त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"लेओंस," जिनेत वळली. तिचा चेहरा काही ठीक नव्हता. "तुमची गाडी त्या रस्त्यावर जाते ना? जरा बघून येता?"

तिने लेओंसकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. तो उठला. नॅपकिन घडी करून खणात ठेवला आणि गेला.

फाट्यावर थांबून त्याने दोन्ही पाट्या गाडीत टाकल्या, वर गवताचं पोतं टाकलं. मग खडीच्या वाटेने टेकडी चढला. वर द्राक्षांच्या एका ओळीच्या टोकाशी पिवळा सदरा दिसला. सायकल आडवी, साखळी उतरलेली, गुडघा सोललेला. लेओंसच्या मनात काहीतरी आनंदाने उठलं, पण गुडघा बराच सोललेला होता, तेव्हा ते पुन्हा खाली बसलं.

"मुस्य बालांद्रा! देवासारखे आलात!" देल्कूर म्हणाला. "खाली पाटी होती हो, रस्ता बंद."

"असं?"

"मग मी बाणाप्रमाणे आलो. पण पुढे दुसरी पाटीच नाही!"

"नसतेच."

लेओंसने त्याला गाडीत बसवलं, सायकल मागे टाकली. गाडी खडीवरून खाली निघाली.

"जेवण तर हुकलंच असणार," देल्कूर म्हणाला.

"सूप थांबलंय."

"वा! छान झालं."

लेओंसने गाडी थांबवली. मान वळवून त्याने त्या माणसाकडे नीट बघितलं. त्याचे पांढरे दात, घामेजलेलं कपाळ, चेहऱ्यावर साधीसुधी भूक. आपल्याला काय मिळालंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

"काय झालं?" देल्कूरने विचारलं.

"काही नाही. उतार आहे. धरून बसा."

खानावळीशी गाडी लागली तशी जिनेत पायऱ्या उतरून धावत आली. धरलेल्या गुडघ्यांनी.

"वेडा आहेस का तू? तिकडे टेकडीवर काय ठेवलंय? आण इकडे तो पाय!" तिने आत जाऊन फळीकडे हात टाकला, हाताला आला तो नॅपकिन ओढला आणि देल्कूरच्या गुडघ्याभोवती करकचून बांधला. पहिल्या खणातला होता तो.

बाप्तिस्त दारात आला होता. गाडीत पोत्याखालून पाटीचा लाल कोपरा डोकावत होता. त्याने तो बघितला, लेओंसला बघितलं, मग आभाळ बघितलं.

"काय रे लेओंस, रस्त्याचं काही काम काढलं होतंस का?"

"संपलं," लेओंस म्हणाला.

त्या दिवशी तो कागदी नॅपकिनवर जेवला. रस्सा चांगला झाला होता, असं म्हणतात.

पुढच्या गुरुवारी बाराला थोडा वेळ असताना लेओंस आला. पहिल्या खणात त्याचा नॅपकिन धुऊन, इस्त्री करून ठेवलेला होता. मधोमध फिकट तपकिरी डाग.

"काही केल्या निघाला नाही," जिनेत मागे येऊन म्हणाली. "दोनदा उकळला. तुम्हाला नवा देते."

"राहू दे. हाच बरा आहे."

ती दाराकडे गेली. फडक्याला हात पुसत उभी राहिली.

"अजून आले नाहीत," ती म्हणाली.

"येतील," लेओंस म्हणाला. "रस्ता मोकळा आहे. पहाटे झाडलाय मी."

बाराचे टोले पडले. बाप्तिस्तने तोंड उघडलं, लेओंसकडे बघितलं आणि मिटलं. लेओंसने डाग आतल्या बाजूला जाईल अशी नॅपकिनाची घडी घातली, गळ्यात खोवली, आणि रिकाम्या थाळीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून तो वाट बघत बसला.